डोली फक्त देवापर्यंतच का?



परवा राहूला एका बस्त्याच्या निमित्ताने आम्ही चार घरच्या बायका जमलो होतो. बोलता बोलता मी सांगितलं की जानेवारीत धाकट्या नणंदेला भिगवणला रोहित पक्षी बघायला नेलं होतं. एकदम सगळ्या गप्प. मग एक काकू म्हणाल्या, "तिला? बोटीत? कशाला उगाच त्या जिवाला त्रास!" दुसरीने विचारलं, "पडली असती म्हणजे?" तिला आवडलं का, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. म्हणून आज स्वयंपाक आवरून लिहायला बसले आहे, आणि जरा रागातच लिहिते आहे.

नणंदेला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. आता ती ५८ वर्षांची आहे. इतक्या वर्षांत आम्ही तिला पालीताण्याला दोनदा नेलं आणि गिरनारला एकदा. पालीताण्याला साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. गिरनारचा रोपवे २०२० साली सुरू झाला, आम्ही गेलो ते त्याच्या बऱ्याच आधी. तिथे डोलीचा दर माणसाच्या वजनावर ठरतो. सगळ्यांच्या देखत तिला काट्यावर बसवलं, आकडा मोठ्याने सांगितला. मग बांबूला टांगलेल्या त्या पाटावर बसून, परक्या माणसांच्या खांद्यांवरून, एका बाजूला दरी ठेवून ती वर गेली. तेव्हा "पडली म्हणजे?" असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पुण्याचं काम होतं ना! तिला पुण्य, आणि नेणारे म्हणून आम्हालाही.

भिगवण आमच्यापासून गाडीने दीड तासाच्या आत-बाहेर. उजनीच्या फुगवट्यावर दर हिवाळ्यात पक्षी येतात. घरातली सगळी मुलं जाऊन आली, जावई आले तरी तिकडेच नेतो. माझी दोन्ही मुलं कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करून आली, तेव्हा घरात सगळ्यांनी कौतुकाने फोटो पाहिले. नणंद मात्र घर राखायला. लग्न होऊन मला ३८ वर्षं झाली, तिला कुठे जायचंय हे मीही कधी विचारलं नव्हतं. गेल्या दिवाळीत तीच म्हणाली, "भाभी, मला देव खूप दाखवलेत. एकदा पाण्यात न्या."

आता आपल्याकडचा नेहमीचा मुद्दा. "तिचं पूर्वकर्म आहे, असाता वेदनीय आहे, समतेने भोगावं." भोगतेच आहे की ती, आपल्यापेक्षा जास्त समतेने. पण मी कॉमर्सची, मला खाती वेगळी ठेवायची सवय आहे. पायांचं कर्म तिच्या खात्यात असेल, तिला घरात बसवण्याचं कर्म कुणाच्या? पाठशाळेत अंतराय कर्माचे पाच भेद पाठ केलेत ना आपण? दान, लाभ, भोग, उपभोग, वीर्य. दुसऱ्याच्या आनंदात किंवा उत्साहात आडवं आलं की आपल्याला अंतराय बांधला जातो. काळजीपोटी आडवं आलं तर सूट, असं मी तरी कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही. बोटीने पाण्यातल्या जिवांची विराधना होते असंही एकीने सुचवलं. होते. पण कोलाडला जाणाऱ्या मुलांना ते का नाही सुचवलं?

दुसरी तऱ्हा कौतुकाची. मुरलीकांत पेटकरांवरचा 'चंदू चॅम्पियन' सिनेमा २०२४ मध्ये आला, आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला, डोळे पुसले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या सांगलीकडच्या सैनिकाने १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. अरुणिमा सिन्हा एक पाय कृत्रिम असताना २०१३ मध्ये एव्हरेस्ट चढल्या. २०२१ मध्ये आठ दिव्यांगांची तुकडी सियाचीनच्या कुमार पोस्टपर्यंत गेली. त्यांना माझा नमस्कार आहे. पण पेटकरांच्या पदकाच्या आधी कुणीतरी त्यांना पाण्यात उतरू दिलं होतं, हे आपण विसरतो. आणि माझ्या नणंदेला पदक नकोच आहे. बाकीचे लोक रविवारी जातात तसं तिला जायचं आहे. त्यासाठी आधी एव्हरेस्ट चढून दाखवावं लागणार आहे का?

भिगवणला नेमकं काय अडलं तेही सांगते. तिच्या हिमतीचा प्रश्नच नव्हता. काठाला चिखल आणि बोटीत चढायला अरुंद फळी. दोघा नावाड्यांनी मनगटं धरून हातांची खुर्ची केली, तिला उचललं आणि बोटीत बसवलं. एक मिनिटही लागलं नाही. बोटीत सगळेच खाली बसतात, त्यामुळे ती आमच्या उंचीची झाली. अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही. गुलाबी थवा उठला तेव्हा माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

खरा त्रास संडासाचा. ती सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. आपण चौविहार उपवासाला पाणी सोडतो ते स्वखुशीने, ती सोडते ते व्हीलचेअर आत जाईल असं दार कुठे मिळणार नाही म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीचा हक्क २९ व्या कलमात लिहिलेला आहे. रुंद फळी, काठापर्यंत फरसबंदी आणि एक मोठं दार, एवढ्याला किती खर्च येतो? आपल्या समाजात एकेका स्वामीवात्सल्याला किती होतो, हिशेब मला तोंडपाठ आहे.

एका यात्रा कंपनीने फोनवर सांगितलं, "मॅडम, अशा पेशंटला आम्ही घेत नाही." पेशंट! तिला साधा मधुमेहसुद्धा नाही, मला आहे.

आता फेब्रुवारीत सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात जायचं ठरवलंय. माळरान आहे, चिंकारा दिसतात, डोंगर चढायचा नाही. भाचा आधी एकटा जाऊन गाडी कुठपर्यंत जाते आणि व्हीलचेअर कुठे रुतते ते बघून येणार आहे. पहाटे निघू, सूर्यास्ताआधी घरी. नणंदेने आत्ताच दुर्बीण मागवली आहे, स्वतःच्या पैशांनी. आपल्या घरातलं कुणी असं मागे राहिलेलं असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.