मामाचा कॅमेरा आणि पोळ्याचा फोटो

मुलांनो, आज मी तुम्हाला माझीच एक फजिती सांगणार आहे. सरांची फजिती म्हटल्यावर तुमचे कान लगेच टवकारले असतील! पण फजिती ऐकून झाली की पान उलटायचं नाही. पुढे कामाची माहिती आहे. आणि हे पान आई-बाबांनाही वाचून दाखवा, कारण पैसे त्यांच्या खिशातून जाणार आहेत.

माझी भाची सेलूला राहते. गेल्या वर्षी ती सहावीत होती. राखीपौर्णिमेच्या आधी तिने मला बजावलं, "मामा, यंदा मला फ्रॉक नको, पैसेही नको. कॅमेरा हवा. खरा कॅमेरा, मोबाइल नाही." आता भाचीने हट्ट धरला की मामाची काय बिशाद! मी मनाशी चार हजार रुपये ठरवले आणि एका दुकानात गेलो. दुकानदाराने एक चकचकीत खोका समोर ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, '४८ मेगापिक्सेल'. किंमत फक्त २,४००! मला वाटलं, घबाडच मिळालं. वर १,६०० रुपये शिल्लक! बिल मागायचंही मला सुचलं नाही. खोका घेतला आणि घरी आलो.

राखीला कॅमेरा मिळाल्यावर भाची नुसती नाचत होती. पंधरा दिवसांनी पोळ्याला ती पुन्हा जिंतूरजवळच्या आमच्या गावी आली. आल्या आल्या तिने घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली, "आज कुणी मोबाइल बाहेर काढायचा नाही. फोटो मीच काढणार." आम्हीही तिचा मान राखला.

पोळा म्हणजे काय धांदल असते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी बैल ओढ्यावर धुतले. शिंगं रंगवली, गोंडे बांधले, पाठीवर झुली घातल्या. मारुतीच्या देवळाला फेरी घालून बैल दारात आले, तेव्हा दिवस मावळत होता. माझ्या आईने, म्हणजे भाचीच्या आजीने, बैलांना ओवाळलं आणि पुरणपोळी भरवली. भाची इकडून तिकडून फोटो काढतच होती.

रात्री सगळे फोटो बघायला बसलो. बघतो तर काय! सगळीकडे ठिपकेच ठिपके. बैलांच्या जागी तपकिरी डाग, आजीच्या हातातल्या निरांजनाच्या जागी पांढरा गोळा. आजीने चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि म्हणाली, "बैल कुठं हायेत रं ह्यात? निस्ता धूर दिसायलाय."

आणि मी, शाळेत मुलांना शिकवणारा माणूस, भाचीला काय म्हणालो असेन? "अगं, हात स्थिर ठेवायचा ना!"

ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "हो मामा, माझाच हात हलला असेल." तिने कॅमेरा खोक्यात ठेवून दिला आणि नंतर कित्येक दिवस बाहेर काढला नाही.

दिवाळीच्या आधी दादाने बैल विकले. कडब्याचा खर्च परवडेना, कामाला माणूस मिळेना, आणि पेरणी-नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागलेली. म्हणजे आमच्या दारातला तो शेवटचा पोळा होता, आणि त्याचे फोटो म्हणजे नुसता धूर.

पुढे परभणीला गेलो असताना लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या एका काकांना मी तो कॅमेरा दाखवला. त्यांनी दोन फोटो काढून पाहिले आणि हसले. म्हणाले, "सर, पोरीचा हात चांगला आहे. हा कॅमेराच खेळण्यातला आहे." मग त्यांनी मला जे समजावलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

ठिपक्यांचं गणित

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा त्याच्या फोटोत फक्त दहा हजार ठिपके होते. तो फोटोही काळा-पांढरा. कॅसेटच्या टेपवर तो उतरायला २३ सेकंद लागायचे! कॅमेऱ्याचं वजन होतं साडेतीन किलोंहून जास्त.

आता वही काढा. साधा फोटो ४ इंच रुंद आणि ६ इंच लांब असतो. तो स्वच्छ छापायला एका इंचात ३०० ठिपके पुरतात. म्हणजे रुंदीत १,२०० आणि लांबीत १,८००. गुणाकार करा. २१ लाख ६० हजार! म्हणजे अल्बममधल्या फोटोला सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. वहीच्या मोठ्या पानाएवढा, म्हणजे ए-फोर आकाराचा फोटो छापायला नऊ मेगापिक्सेल पुष्कळ झाले. मग ४८ कशाला?

बरं, ते ४८ तरी खरे असतात का? स्वस्तातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत खरे ठिपके थोडेच असतात. मधले ठिपके कॅमेरा अंदाजाने भरतो आणि खोक्यावर मोठा आकडा छापला जातो. दुधात पाणी घातलं तर माप वाढतं, दूध वाढत नाही. तसंच हे.

मग खरं महत्त्व कशाला?

कॅमेऱ्याच्या आत भिंगामागे एक छोटी पट्टी असते. तिला सेन्सर म्हणतात. प्रकाश तिच्यावर पडतो. समजा, अंगणात पाऊस पडतोय आणि तुम्ही एका परातीत वाट्या मांडून ठेवल्यात. मोठ्या वाट्या असतील तर प्रत्येकीत पाणी साचेल. त्याच परातीत बाटलीची बुचं दाटीवाटीने मांडली, तर एकेका बुचात चार-दोन थेंबच पडतील. भर पावसात बुचंही भरतात हो, पण रिमझिम असेल तर काही बुचं कोरडीच राहतात. भर उन्हातला प्रकाश म्हणजे मुसळधार पाऊस, आणि संध्याकाळचा प्रकाश म्हणजे रिमझिम. म्हणून भाचीचे दुपारचे फोटो बरे यायचे आणि पोळ्याच्या संध्याकाळी नुसता धूर झाला.

नावाजलेल्या कंपन्यांच्या साध्या छोट्या कॅमेऱ्यांत हा सेन्सर सहसा साधारण सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे जवळजवळ तुरीच्या दाण्याएवढा. खेळण्यातल्या कॅमेऱ्यांत तो याहूनही लहान असतो. सेन्सर मोठा तितका कॅमेरा अंधाराला कमी घाबरतो, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट झूमची. खरा झूम करताना भिंग पुढे-मागे सरकतं. त्याला ऑप्टिकल झूम म्हणतात. 'डिजिटल झूम'मध्ये भिंग जागचं हलत नाही. असलेल्याच फोटोचा मधला तुकडा कापून मोठा केला जातो. त्यामुळे खोक्यावर 'ऑप्टिकल' हा शब्द शोधा.

दुकानातली पाच कामं

चार-पाच हजारांत चांगला नवा कॅमेरा मिळणं आता अवघड झालं आहे. मोबाइल आल्यापासून कंपन्यांनी छोटे कॅमेरे बनवणं खूप कमी केलं. म्हणून काकांनी मला नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला कॅमेरा घ्यायला सांगितलं. वापरलेला घेताना ही पाच कामं करायचीच:

१. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. उजेडात सगळेच कॅमेरे शहाणे असतात.

२. भिंतीवर वर्तमानपत्र धरून त्याचा फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता आली पाहिजेत.

३. भिंग उजेडात धरून बघा. ओरखडे, किंवा आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर नमस्कार करून परत या.

४. बॅटरी बघा. ती फुगलेली नसावी, आणि तशी नवी बॅटरी बाजारात मिळत असावी. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर ती चिंताच नाही.

५. कार्ड कोणतं लागतं ते विचारा. एसडी कार्ड सहज मिळतं. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी किंवा मेमरी स्टिक अशी वेगळी कार्डं लागतात, ती शोधताना नाकी नऊ येतात. फार जुना कॅमेरा दोन जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखत नाही, तेव्हा कार्ड तिथेच घालून बघा.

आणि मी विसरलो ते तुम्ही विसरू नका. बिल घ्या! नव्या वस्तूत फसवणूक झाली तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. पण हातात बिल नसेल तर सांगणार काय?

पैशांची वाटणीही आधीच करा. सगळे पैसे कॅमेऱ्यावर घालवले तर कार्डाला उरत नाहीत. दुसऱ्या खेपेला माझे चार हजार असे गेले: कॅमेरा ३,०००, कार्ड ४००, जादा बॅटरी ४०० आणि पिशवी २००. पहिल्या कॅमेऱ्याचे २,४०० मात्र गेले ते गेलेच.

आई-बाबांसाठी दोन शब्द

तुम्ही म्हणाल, "मोबाइल असताना कॅमेरा कशाला?" प्रश्न बरोबर आहे. खरं सांगायचं तर कमी पैशांतल्या नव्या कॅमेऱ्यापेक्षा घरात पडलेल्या जुन्या मोबाइलचे फोटो बऱ्याचदा चांगले येतात. पैसे नसतील तर कर्ज काढू नका. त्या मोबाइलमधलं सिम काढा, खेळ काढून टाका आणि तो मुलाला फक्त फोटोसाठी द्या. मनाजोगता कॅमेरा परवडेपर्यंत थांबलं तरी चालेल.

पण 'लहान मूल आहे, कसलाही चालेल' म्हणून भलतंच काही हातात देऊ नका. शाळेत मी रोज पाहतो. टोक मोडणारी पेन्सिल मिळालेलं मूल पेन्सिलीला नावं ठेवत नाही, 'माझं अक्षरच वाईट आहे' असं म्हणतं. माझ्या भाचीने तेच केलं. आणि मी तिला दुजोरा दिला, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून दुसरा कॅमेरा घ्यायच्या आधी मी सेलूला गेलो आणि तिला सांगितलं, "तुझा हात हलला नव्हता. मामाने खोका वाचून कॅमेरा घेतला होता." मग तिला बरोबर घेऊनच परभणीच्या बाजारात गेलो. अंधाऱ्या कोपऱ्यातला फोटो तिनेच काढून पाहिला. दोन कॅमेरे तिने नाकारले, तिसरा पसंत केला.

दादासाहेबांनी काय केलं?

कॅमेरा घ्यायला पैसे कमी पडणं ही काही नवी गोष्ट नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना सिनेमा काढायचा होता. जवळ पैसे नव्हते. त्यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि १९१२ साली ते लंडनला गेले. तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. आणि आल्याबरोबर मोठा सिनेमा काढायला धावले का? नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला. कॅमेरा समोर ठेवून रोज थोडं थोडं चित्रण करत त्यांनी वाटाण्याची वाढ टिपली. सगळी चित्रं सलग दाखवली तेव्हा वेल भराभर वाढताना दिसला आणि बघणारे थक्क झाले. त्यामुळे त्यांना भांडवल मिळालं, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा लोकांसमोर आला.

म्हणजे आधी साधन पारखायचं, लहान कामावर हात बसवायचा आणि मग मोठ्या कामाला लागायचं. आम्ही नेमकं उलटं केलं. कॅमेरा न पारखता थेट पोळ्याच्या संध्याकाळी उभे राहिलो!

नवा कॅमेरा आल्यावर भाचीने चारठाण्याच्या जुन्या देवळांचे फोटो काढले, येलदरी धरणाचे काढले. चुकले ते पुसले, पुन्हा काढले. यंदाच्या पोळ्याला आमच्याकडे बैल नव्हते. आजीने पाटावर मातीचे बैल मांडून पूजा केली. दिवस मावळला होता. भाचीने कॅमेरा हातात न धरता ओसरीच्या कट्ट्यावर टेकवला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. बैलांच्या शिंगांवरची कुंकवाची बोटंसुद्धा फोटोत दिसली. आजीने चष्मा लावून पाहिलं. "आता दिसायलेत बैल," म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "त्या दोघांचा बी असा असता तर बरं झालं असतं."

मी मान खाली घातली. म्हणून तर हे सगळं तुम्हाला लिहिलं.

या आठवड्याचा उपक्रम: कुंडीत किंवा फुटक्या मडक्यात चार हरभरे पेरा. कॅमेरा असो की घरातला मोबाइल, तो एकाच जागी ठेवून रोज एकाच वेळी एक फोटो काढा. पंधरा दिवसांनी सगळे फोटो ओळीने लावून भराभर बघा. आणि हो, घरातल्या आजी-आजोबांचा एक स्वच्छ फोटो आजच काढा. त्यासाठी नव्या कॅमेऱ्याची वाट पाहू नका. अंगणात सकाळचं ऊन आहे ना, तेवढं पुरे!