घाटात तापणारे इंजिन आणि पंख्याचा क्लच

बुलढाणा जिल्ह्याची रचनाच अशी आहे की, येथील मालवाहतुकीला घाट चुकत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, बुलढाणा येथील माल घाट उतरून खामगाव-मलकापूरकडे जातो. खामगावची कापूसपेठ १८७० सालीच लोहमार्गाने जोडली गेली आणि तेव्हापासून या उतारावरची वर्दळ थांबलेली नाही. परंतु उतरणीला इंजिनाची परीक्षा नसते. परतताना तोच ट्रक खतांच्या व बियाण्यांच्या गोण्या घेऊन राजूर घाट किंवा बोथ्याचा रस्ता चढू लागतो, तेव्हा ती परीक्षा होते. खरिपाची ही वाहतूक नेमकी मे-जूनमध्ये येते आणि त्या दिवसांत घाटाखाली पारा चाळीस अंशांच्या वर असतो.

शेतकऱ्यांच्या व गटांच्या मालकीचे ट्रक बहुधा जुने असतात. असा ट्रक घाटात तापला की रेडिएटर बदलावा, पाण्याचा पंप बदलावा, असे सल्ले चहूकडून मिळतात. पैसा खर्च होतो आणि पुढच्या खेपेला ट्रक पुन्हा त्याच वळणावर उभा राहतो. यातील पुष्कळ प्रकरणांत दोष पंख्याच्या क्लचमध्ये असतो. आणि तो ओळखण्यास यंत्रसामग्री लागत नाही, थोडे लक्ष मात्र लागते.

हा क्लच म्हणजे पंप आणि पंखा यांमधील एक बंद डबी होय. तिच्यात घट्टसर सिलिकॉन तेल असते आणि समोरच्या बाजूस दोन धातूंची एक स्प्रिंग असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की स्प्रिंग झडप उघडते, तेल खाचांमध्ये शिरते आणि त्याच्या ओढीने पंखा जोराने फिरू लागतो. हवा थंड झाली की तेल माघारी जाते व पंखा सैल पडतो. क्लच झिजला, तेल गळाले किंवा स्प्रिंग निकामी झाली, तर इंजिन तापूनही पंखा सुस्त राहतो. सपाट महामार्गावर वेगामुळे समोरून वारा मिळतो व दोष झाकला जातो. घाटात वेग मंद, भार पूर्ण आणि वारा पाठीमागून. तेथे सारी भिस्त पंख्यावरच असते.

तेव्हा निदान क्रमाने व्हावे. प्रथम इंजिन थंड असताना कूलंटची पातळी, रेडिएटरचे झाकण, पट्ट्याचा ताण आणि थर्मोस्टॅट पाहावा. कापूस व भुसा वाहणाऱ्या ट्रकच्या रेडिएटरच्या जाळीत तंतू आणि धूळ बसलेली असते. ती साफ केल्याशिवाय क्लचला दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यानंतर इंजिन बंद करून, किल्ली काढून, पंखा हाताने फिरवावा. थंड स्थितीत थोडा विरोध जाणवला पाहिजे. पंखा भिंगरीसारखा गरगर फिरत राहिला, तर क्लच सैल झाला आहे. इंजिन चांगले तापवून बंद केल्यावर विरोध स्पष्टपणे वाढला पाहिजे. पाते टोकाशी धरून पुढे-मागे हलवावे. सुमारे सहा मिलिमीटरहून अधिक खेळ असल्यास बेअरिंग गेलेले समजावे. डबीवर तेलकट धुळीचे पट्टे दिसणे ही गळतीची खूण होय. सकाळी इंजिन सुरू करताच पंखा काही क्षण घोंघावतो व मग शांत होतो, हा मात्र दोष नव्हे. विजेने नियंत्रित होणाऱ्या नव्या क्लचला हाताची ही कसोटी लागू पडत नाही. फिरत्या पंख्यात गुंडाळलेले वर्तमानपत्र घालून जोर पाहण्याची पद्धत धोक्याची असून ती सर्वस्वी सोडून द्यावी.

यापुढे खरा मतभेद सुरू होतो. क्लच गेला की तो बोल्ट घालून किंवा वेल्डिंग करून कायमचा जखडून टाकण्याची प्रथा सर्रास आढळते. पूर्वीच्या ट्रकांना क्लच नव्हताच, पंखा थेटच फिरत असे, असे तिचे समर्थन केले जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ते पंखे थेट फिरण्यासाठीच बनविलेले होते. क्लचवरील पंखा मोठा असून सतत पूर्ण वेगाने फिरण्यासाठी तो योजलेला नसतो. शिवाय पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा असेल तर शक्ती आठवा हिस्साच लागते. जखडलेला पंखा गरज नसताना डिझेल खातो, घाटात चाकांना मिळावयाची शक्ती स्वतःकडे ओढतो, आणि पाते तुटल्यास रेडिएटर फाडतो. भर हंगामात अडलेला ट्रक हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरता हा उपाय क्षम्य मानता येईल. परंतु तात्पुरती सोय वर्षानुवर्षे तशीच राहते, हे अनुभवाचे आहे.

क्लच बदलताना इंजिन पूर्ण थंड असावे व बॅटरीची तार काढावी. पंख्याभोवतीचे आच्छादन सोडवून मगच क्लचला हात घालावा. काही क्लच चार बोल्टांवर, तर काही एका मोठ्या नटावर बसविलेले असतात. नटाचे आटे उजवे की डावे, हे त्या मॉडेलप्रमाणे आधी पाहून घ्यावे, उगाच जोर करू नये. नवा क्लच त्याच मॉडेलचा व पंख्याच्या फिरण्याच्या दिशेला जुळणारा असावा. तो आडवा न ठेवता उभाच ठेवावा, म्हणजे तेल सरकत नाही. पात्यांना चीर नाही व पंपाचे बेअरिंग डुलत नाही, याची खात्री करावी. डुलणाऱ्या पंपावर नवा क्लचही टिकणार नाही. शेवटी पंखा हाताने फिरवून तो कोठे घासत नाही ना, हे पाहावे.

तापलेल्या इंजिनाचे हेड वाकले, तर होणारा खर्च क्लचच्या किमतीहून कितीतरी मोठा असतो. आणि पेरणीच्या तोंडावर खत घाटात अडकले, तर त्या नुकसानीचा हिशेब पावतीवर येत नाही. वाफसा कोणासाठी थांबत नाही. यास्तव ज्या गटांकडे स्वतःचे ट्रक आहेत, त्यांनी पेरणीयंत्राबरोबरच ट्रकच्या पंख्याचीही तपासणी मे महिना उजाडण्यापूर्वी करून घ्यावी, आणि गटातील एका तरुणाला तरी ही परीक्षा शिकवून ठेवावी. अर्ध्या तासाचे हे काम घाटातील एक दिवस वाचवील.