विश्लेषण : स्लॅबला फोम लावण्याआधी गळती का शोधायला हवी?

एप्रिल-मे महिन्यांत मुंबई, ठाणे किंवा रत्नागिरीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्रीही स्लॅबची धग सोसावी लागते. त्यावर उपाय म्हणून 'क्लोज्ड-सेल स्प्रे फोम'चा पर्याय सुचवला जातो.

फवारताना दोन रसायने एकत्र आली की पॉलियुरेथेनचा फेस फुगतो आणि कडक होतो. त्यातील बहुतेक सूक्ष्म कप्पे बंद असल्याने उष्णता आणि बाष्प दोन्ही अडतात. ओपन-सेल फोममधून बाष्प सहज पार होते आणि एसीमुळे गार झालेल्या पृष्ठभागावर त्याचे पाणी होऊ शकते. त्यामुळे दमट किनारपट्टीवर क्लोज्ड-सेल फोम उजवा ठरतो.

मात्र हाच गुण अंगलट येऊ शकतो. गळका स्लॅब खालून फोमने झाकला तर ओल दिसतच नाही. आत सळया गंजत राहतात आणि काँक्रीट सुटू लागल्याचे उशिरा कळते. म्हणून आधी गळती बंद करावी, एक पावसाळा छत कोरडे राहते का ते पाहावे, मगच आतून फोम लावावा.

गच्चीवरून फवारल्यास स्लॅबच कमी तापतो. पण उन्हाने फोमचा भुगा होतो, त्यामुळे त्यावर संरक्षक लेप हवाच. आतून लावलेला फोम पेट घेऊ शकतो, म्हणून जिप्सम बोर्डाचे आवरण आवश्यक आहे. फवारणीवेळी निघणाऱ्या आयसोसायनेटच्या वाफा श्वसनाला घातक असल्याने तेव्हा घर रिकामे ठेवावे.

ठेकेदाराच्या दरपत्रकात फोमच्या जाडीआधी गळतीदुरुस्तीचा खर्च दिसायला हवा. तो नसेल तर सोसायटीने सही करू नये.