घरातील कचेरी आणि मालकाची जबाबदारी

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि असंख्य नोकरदारांची कचेरी एका रात्रीत घरी आली. साथ ओसरली, तरी ती पुरतेपणी घराबाहेर गेलेली नाही. आठवड्यातील काही दिवस कार्यालयात व काही दिवस घरी, अशी संमिश्र पद्धत अनेक उद्योगांत रूढ होत आहे. ती इष्ट की अनिष्ट, यावर हिरिरीने वाद चालतो. परंतु काम कोठे करावे, यापेक्षा घरी होणाऱ्या कामाचा खर्च कोणी सोसावा आणि कामाचा दिवस केव्हा संपला असे मानावे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

घरी बसलेला माणूस कामचुकारपणा करतो, हा मालकवर्गाचा जुना संशय आहे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका चिनी पर्यटन कंपनीतील सोळाशे कर्मचाऱ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी घसरली नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले. त्याच कंपनीतील आधीच्या प्रयोगात मात्र आठवड्याचे चार दिवस घरी काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढूनही बढतीच्या बाबतीत ते मागे पडले, आणि एकाकीपणाला कंटाळून कित्येकांनी कार्यालयाची वाट धरली. तेव्हा मध्यममार्गच हितावह, असे म्हणावयास आधार आहे.

तथापि, घर हे कामाचे ठिकाण असणे महाराष्ट्राला नवे नाही. सोलापूर व सिन्नर येथील विडी कामगार स्त्रिया कारखान्यातून पाने व तंबाखू आणून पिढ्यान्‌पिढ्या घरीच विड्या वळत आल्या. जागा त्यांची, दिवाबत्ती त्यांची, वेळेला बंधन नाही. १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या या स्त्रियांनाही कामगार मानले. मालकांनी त्या कायद्यास आव्हान दिले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तो वैध ठरविला. काम घरी पाठविल्याने मालकाची जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

संगणकावर काम करणाऱ्या सुशिक्षित नोकरदाराला हे तत्त्व अद्याप पुरतेपणी लाभलेले नाही. टाळेबंदीत शिक्षकांनी स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खर्चाने वर्ग घेतले, हे विसरता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात एक कोपरा कचेरीला दिला की मुलांचा अभ्यास स्वयंपाकघरात जातो, आणि स्त्रीच्या वाट्याला दोन्ही पाळ्या एकाच छपराखाली येतात. पोर्तुगालने २०२१ च्या अखेरीस घरून काम करण्याचा वाढीव खर्च मालकावर टाकला आणि एरवी कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क साधण्यास मनाई केली. आपल्याकडे अशा संपर्कास नकार देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही. केंद्र सरकारने २०२० च्या अखेरीस सेवाक्षेत्रासाठी नमुना स्थायी आदेशांचा मसुदा काढला. त्यात घरून काम करण्याचा उल्लेख होता. पण परवानगी मालकाने द्यावयाची व मुदतही त्यानेच ठरवावयाची!

अशा मर्जीवरील सवलतीचा भरवसा किती धरावा? २०२५ पर्यंत चौथा हिस्साच कर्मचारी कार्यालयात लागतील, असे टीसीएसने २०२० साली जाहीर केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाच दिवस परत बोलाविले. उद्योगाने धोरण बदलू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पहिल्या घोषणेवर विसंबून ज्याने शहरातील बिऱ्हाड मोडून गाव गाठले, त्याच्या हाती दाद मागण्यासाठी काय उरते?

म्हणून घरचे दिवस किती, कामाचे तास कोणते, विजेचा व यंत्रसामग्रीचा खर्च कोणाचा आणि पद्धत बदलावयाची तर पूर्वसूचना किती, हे नेमणूकपत्रात लिहिलेले असले पाहिजे. कर्मचारी संघटनांनी पगारवाढीइतक्याच आग्रहाने ही मागणी मांडावी. विडी वळणाऱ्या निरक्षर स्त्रीच्या बाबतीत जे तत्त्व संसदेने मान्य केले, ते पदवीधर कारकुनाने उपकार म्हणून मागण्याचे कारण नाही.