भुंग्याचं खोटं गणित

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरून आला. विज्ञानाच्या नियमांप्रमाणे भुंगा उडूच शकत नाही, पण हे त्याला माहीत नाही, म्हणून तो उडतो! खाली उगवता सूर्य आणि सगळ्यांचे जोडलेले हात. माझ्या धाकट्या जावेनं तर तो नातवाच्या शाळेतल्या भाषणासाठी काढून ठेवलाय. बाई गं, रागावू नकोस, पण ते भाषण बदल.

हे मी बोलतेय कारण मीही यात दोषी आहे. मी मराठी घेऊन बीए झालेली, पण शिक्षक कमी पडले की विज्ञानाचा तासही माझ्याच गळ्यात यायचा. दहावीच्या निरोप समारंभात हीच गोष्ट मी किती वर्षं सांगितली! मुलं टाळ्या वाजवायची. एकदा एकानं उठून विचारलं, "बाई, मग गणित चुकलं कुठे?" मी त्याला खाली बसवलं. शिक्षक म्हणून ती माझी मोठी चूक.

गणित चुकलं ते असं. १९३४ साली आंत्वान मान्यां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं लिहिलं, की विमानविद्येतले हवेच्या रोधाचे नियम कीटकांना लावले तर त्यांचं उडणं अशक्य ठरतं. पण भुंगा विमानासारखा पंख ताठ धरून जातोच कुठे? एका जागी तरंगताना त्याचा पंख पुढे-मागे फिरतो आणि दर टोकाला उलटतो. मधमाशीचा सेकंदाला सुमारे २३० वेळा! पंख इतका तिरका असतो, की विमानाचा असता तर ते कोसळलंच असतं. इथे मात्र पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा तयार होतो, पंखावरचा दाब कमी होतो आणि पंख वर उचलला जातो. भोवरा निसटायच्या आत फेरा संपतो, पंख उलटतो, नवा भोवरा! चहात चमचा तिरका धरून ओढा, कडेशी तो दिसेल.

१९९६ साली केंब्रिजच्या एलिंग्टन यांनी पतंगाच्या पंखांवर धूर सोडून हा भोवरा दाखवला. १९९९ साली अमेरिकेत डिकिन्सन यांनी माशीच्या पंखांची मोठी यांत्रिक प्रतिकृती तेलाच्या टाकीत हलवून बळ मोजलं. (तेल का? इवल्या जिवाला हवाही दाटच लागते.) आणि गंमत म्हणजे मूळ इंग्रजी गोष्टीतली बम्बलबी आपल्याकडची नव्हेच, ती हिमालयातली. आमच्या बाल्कनीतल्या बांबूला गोल भोक पाडणारा काळा भुंगा वेगळा.

म्हणतील, गोष्ट जिद्दीची आहे, एवढं काय! यात जिद्द कसली? मुलाला कळतं ते एवढंच, की शिकलेली माणसं मूर्ख असतात आणि हिशेब न करणं म्हणजे धाडस. हाच मुलगा उद्या डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलला दारात लटकेल. आपण पडू शकतो हे 'माहीत नसणं' तिथे कामाला येत नाही.

तेव्हा, जाऊबाई, रविवारी नातवाला माझ्याकडे पाठव. ऊन वर आलं की भुंगा बांबूपाशी येतो. चमचा आणि पातेलं मी काढून ठेवते.