आधी ऐकून घ्या, मग काढा

जानेवारी २०२२ मध्ये अभिनेते किरण माने यांना ‘मुलगी झाली हो’ या मालिकेतून काढण्यात आले. राजकीय मते मांडल्याची ही शिक्षा, असे माने म्हणाले. सहकलाकारांशी गैरवर्तन हे कारण, असे निर्मात्यांनी सांगितले. लोक आपापल्या पक्षाप्रमाणे बाजू घेऊन मोकळे झाले. असा वाद वाहिन्यांवरच्या आरडाओरड्यात मिटत नाही. आरोप लेखी देऊन, खुलासा घेऊन चौकशी झाली, तर ती बोलणाऱ्याच्या जितकी उपयोगाची, तितकीच तक्रार करणाऱ्या सहकलाकार स्त्रियांच्याही. मे २०२५ मध्ये पुण्यातील एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरील मजकुरावरून महाविद्यालयाने काढून टाकले, तेव्हा तिची बाजू ऐकलीच नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई स्थगित केली, पण तोवर तिला तुरुंगवास घडला होता आणि परीक्षेचे पेपर बुडाले होते.

ओझरला हा प्रश्न लांबचा नाही. इथल्या एचएएलच्या विमान कारखान्यात आतली माहिती बाहेर सांगू नये, हे बंधन योग्यच आहे. तिथे देशाची सुरक्षा गुंतलेली असते. पण २८ जुलै २०२५ च्या राज्य शासनाच्या निर्णयाने कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवर सरकारी धोरणांवर टीका करण्यासही मनाई केली. एचएएल केंद्राचा उपक्रम असल्याने तिथे तो लागू नाही. नगर परिषदेतले कर्मचारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक मात्र त्याच्या कक्षेत येतात, कंत्राटी माणसेसुद्धा. राज्याच्या सेवेतल्या कायम कर्मचाऱ्याला बडतर्फ करण्याआधी संविधानाच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे चौकशी करावी लागते. कंत्राटी माणसाला ‘उद्यापासून येऊ नका’ एवढे सांगितले की पुरते. पाणी का येत नाही, शाळेची पटसंख्या का घटली, हे सर्वांत आधी ज्यांना कळते त्यांनाच गप्प बसवले, तर नुकसान गावाचे होते. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिली ती सरकारी नोकरीत राहून, टोपणनावाने. सरकारी नोकर झाल्याने मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद खटल्यात स्पष्ट केले आहे.

मग वर्गातल्या मुलांच्या जातीवरून अपशब्द काढणाऱ्या शिक्षकालाही सांभाळायचे का? मुळीच नाही. त्याच्या बोलण्याने त्याचे कामच नासते. त्या वर्गात त्या मुलांना न्याय मिळणार नाही. खासगी मालकाला आपले नाव जपायचा हक्क आहे, हाही आक्षेप खरा. पण कोणाच्या भावना दुखावल्या, फोन किती आले, गेटवर जमाव किती जमला, ही मोजमापे टिकणारी नाहीत. सत्ता बदलली की दुखावणारेही बदलतात. त्या बोलण्याने त्या माणसाच्या कामात नेमकी कोणती बाधा आली, एवढे मालकाने लेखी दाखवावे. शासनाने जुलैच्या निर्णयातून धोरणांवरील टीकेची बंदी काढावी, आणि कंत्राटी कर्मचाऱ्यालाही कामावरून काढण्याआधी खुलाशाची मुदत द्यावी.