मोठें यंत्र आणि दमट खोली

खोली लहान, वातानुकूलन यंत्र मात्र दोन टनांचें. आणि तरीही श्रावणांत गाद्या ओलसर व कपाटांतील पोथ्यांना बुरशी, ही तक्रार मुंबई-कोंकणांतील पुष्कळ घरांतून आमच्या कानीं येते. दोष बहुधा त्या मोठेपणांतच असतो.

पावसाळ्यांत ३० अंश उष्णतेच्या व शेंकडा ८० आर्द्रतेच्या हवेंत दर घनमीटरास सुमारें २४ ग्रॅम वाफ असते. २४ अंशांवर तेवढीच हवा २२ ग्रॅमहून अधिक धरूं शकत नाहीं. अर्थात् हवा नुसती गार केल्यानें कोरडी होत नाहीं. तिच्यांतील पाणी काढून टाकावें लागतें. तें काम यंत्रांतील थंड नळ्यांवर होतें. ताकाच्या गार भांड्यास बाहेरून पाणी सुटतें, तसेंच. परंतु तें पाणी सांचून बाहेर वाहूं लागण्यास कांहीं वेळ जातो. फाजील मोठें यंत्र तेवढ्यांत खोली गार करून थांबतें, आणि पंखा चालूंच राहिल्यास नळ्यांवरील ओल पुन्हां खोलींत शिरते. वास्तविक १९०२ सालीं विलिस कॅरियरनें ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठीं ही योजना आंखली, ती दमट हवेनें कागद फुगत म्हणून! विक्रेत्यांना याचा विसर पडलेला दिसतो.

घरांत दमेकरी वडीलधारें असल्यास बुरशीची हयगय करूं नये. यंत्र खोलीच्या मानानेंच घ्यावें. तें आधींच मोठें आलें असेल, तर पावसाळ्यांत ‘ड्राय’ची कळ दाबावी, खिडक्या बंद ठेवाव्या, आणि आर्द्रतामापकाचा कांटा ६०च्या खालीं येतो कीं नाहीं, तें चार दिवस पाहावें.